बोलंल की, घाई काय

लेक तान्ही होती तेव्हा आम्ही येडशीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा ट्रॅकमन. खिडकी उघडली की समोर रूळ. मालगाडी निघाली की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि पाळण्यातली लेक डोळे मोठे करून खिडकीकडं बघायची. शेजारणी म्हणायच्या, "कसं कळतं बघा लेकराला! गाडी आली की मान वळवती." मीही हे कौतुकानं सगळ्यांना सांगायचे. गाडीनं फरशी हलायची, फरशीबरोबर पाळणा हलायचा आणि म्हणून ती बघायची, हे कळेपर्यंत दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांचा राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

लोक म्हणतात, आता झालं गेलं, सोडून द्या. मी सोडत नाही.

मी डी.एड. झालेली. सरकारी भरतीची वाट बघून कंटाळले आणि गावातल्याच एका खाजगी शाळेत बालवाडीला शिकवायला लागले. दुसऱ्यांची पोरं माझ्याकडून बडबडगीतं शिकायची, घरी जाऊन आयांना म्हणून दाखवायची. आमची लेक दीड वर्षाची झाली, घरभर धावायला लागली, पण तिच्या तोंडून 'आई' येईना. तिच्या बरोबरीची शेजारची पोरं पाणी मागायची, कुत्र्याला हाका मारायची. ही माझा हात धरून माठापाशी न्यायची आणि बोट दाखवायची. हाक मारली तर बघायची नाही. मी तिच्या पाठीमागं जाऊन ताट आपटायचे. कधी वळायची, कधी नाही. वळली ती आवाजानं, का भिंतीवरच्या माझ्या सावलीनं, तेच समजंना.

सासूबाई बेंबळीच्या बाजूला एका वाडीवर राहायच्या. चार शेळ्या-मेंढ्या, थोडं रान. अधूनमधून आमच्याकडं येऊन राहायच्या. मी त्यांना आत्या म्हणते. मी शाळेत गेले की लेकीला त्या सांभाळायच्या, आणि मनापासून सांभाळायच्या, हे मी आधीच सांगून ठेवते. मी काळजीनं काही बोलले की त्यांचं एकच, "तिच्या बापाला बी उशिरानंच वाचा फुटली. बोलंल की, घाई काय?"

नवऱ्याचंही तेच. शेजारणींचंही तेच. शाळेतल्या बाईंचंही तेच. सगळं गाव जणू एकाच तोंडानं बोलत होतं.

शेवटी मी हट्ट धरला आणि आम्ही तिला जिल्ह्याच्या गावी लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेलो. बाहेर ही गर्दी. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी तिला माझ्या मांडीवर बसवलं, मागं गेले आणि तिच्या डोक्यापाशी जोरात टाळी वाजवली. तिचे केस तेव्हा मऊ, भुरभुरणारे. टाळीच्या वाऱ्यानं केस हलले आणि ती वळून बघायला लागली.

"ऐकू येतंय की," डॉक्टर म्हणाले. "घरात टीव्ही, मोबाईल किती वेळ असतो?"

"टीव्ही नाही हो आमच्याकडं. डॉक्टर, तिचे केस हलले. हात न हलवता बघा ना परत."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना डॉक्टरकी शिकवायलाच आले होते. "आई, तुम्ही फार विचार करता. काही पोरं उशिरा बोलतात. तीन वर्षांची होऊ द्या, मग बघू."

आणि नवऱ्याचा चेहरा खुलला! बाहेर येऊन त्यांनी लेकीला खांद्यावर घेतलं, रसवंतीत नेलं. "बघ, डॉक्टरच म्हणतेत. आता तरी गप बस." मी तेव्हाच परत आत जायला पाहिजे होतं, असं आता वाटतं. पण आत जाऊन मी काय म्हणणार होते? त्यांच्याकडं पाटी होती, पदवी होती, टाळी होती. माझ्याकडं नुसती शंका.

ती तीन वर्षांची व्हायच्या आधीच ते घडलं.

बाजारचा दिवस होता. दुपारी शाळा सुटली आणि मी घरी आले. दार उघडंच होतं. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि लेक त्यांच्या मांडीवर हुंदके देत होती. रडून रडून दमलेलं लेकरू जसं मधेच एकदम श्वास ओढतं, तसं. तिच्या फ्रॉकच्या गळ्यापाशी रक्त. हनुवटीवर हळद आणि रक्ताचा ओघळ वाळलेला.

मला वाटलं पडली. मी धावत जाऊन तिचं तोंड उघडायला लागले तर तिनं माझा हात ढकलला आणि किंचाळली. तिनं मला असं कधी ढकललं नव्हतं.

"काय झालं, आत्या? कुठं पडली?"

"पडली न्हाय गं," आत्या म्हणाल्या. "तिच्या जिभंखाली दोरा होता. त्यानं जीभ बांधून ठेवलती. बाजारात त्यो माणूस येतो न्हाय का, दात काढणारा, त्यानं बघितलं आन् म्हनला, ह्यो दोरा तोडला की महिन्यात पोपटासारखी बोलंल. म्हनून..."

"तोडला? कशानं तोडला?"

त्या पदरानं लेकीच्या फ्रॉकचा गळा पुसायला लागल्या.

"कशानं तोडला, आत्या?"

"पात्यानं. नवं होतं पातं, माझ्यासमूर कागद काढला त्यानं."

बाजारात, पालाखाली, भाजीच्या ढिगांच्या मधे माझ्या लेकीला दोघातिघांनी धरलं होतं आणि एका माणसानं तिच्या तोंडात ब्लेड घातलं होतं. तिला कोणी काही समजावून सांगू शकत नव्हतं. आजीनं धरून ठेवलंय, तोंड दुखतंय, एवढंच तिला कळलं असणार. मी शाळेत त्या वेळी दुसऱ्यांच्या पोरांना चिऊताईचं गाणं शिकवत होते.

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. शेजारणी दारात जमल्या होत्या. मी आत्यांना कधी उलट शब्द बोलले नव्हते, त्या दिवशी सगळे एकदम बोलले. आत्यांनी शेवटी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "मी काय वैरीण हाय का तिची? मला काय वाटत न्हाय व्हय? लोक मुकी मुकी म्हनतेत लेकराला, माझ्या काळजाला घरं पडत्यात."

त्या रडल्या. मला त्यांची दया आली नाही. आजही त्या प्रसंगापुरती येत नाही. त्यांचा जीव होता लेकीवर, तो खराच होता. पण त्या जिवानंच तिला धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी नवरा ड्यूटीवरून आले. खांद्यावरचं अवजार कोपऱ्यात ठेवलं, सगळं ऐकलं आणि मोरीपाशी जाऊन हात धुवायला लागले. बराच वेळ धूत राहिले. मला वाटलं, आता आईला काही बोलतील, नाहीतर बाजारात जाऊन त्या माणसाची गचांडी धरतील. ते म्हणाले, "झालं ते झालं. आता बोलती का ते तरी बघू."

त्या वाक्यानं मी जशी पेटले, तशी त्या ब्लेडच्या माणसावरसुद्धा पेटले नव्हते.

"उद्या सोलापूरला जायचं," मी म्हणाले. "कानाची तपासणी करायची."

"रजा मिळनार न्हाय मला."

"तुम्ही नका येऊ. मी विचारत नाहीये, सांगतेय."

सकाळच्या एसटीनं मी एकटी निघाले. लेकीचं तोंड सुजलं होतं. गार दूध वाटीवाटीनं पाजत होते, तेही अर्धं सांडायची. तुळजापूरला शेजारी एक बाई बसली. लेकीकडं बघून तिनं गाल कुरवाळला, नाव विचारलं. लेक काही बोलली नाही तशी माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "मुकी हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही सगळे आंधळे आहात." बाईनं पिशवी उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. तिची काही चूक नव्हती. पण त्या दिवशी जो समोर येईल तो माझ्या तावडीत सापडणार होता.

सोलापूरला कान तपासणाऱ्या एका मॅडमचा पत्ता मला शाळेतल्या एका पालकांनी दिला होता. वयानं माझ्याहून लहान असतील. त्यांनी आधी लेकीचं तोंड बघितलं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. मग तिला झोपेचं औषध पाजलं. ती झोपल्यावर कपाळाला आणि कानांमागं वायरी चिकटवल्या, कानात आवाज सोडले आणि बराच वेळ त्या पडद्याकडं बघत राहिल्या. खोलीला आतून जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं होतं, बाहेरचा रस्ता अजिबात ऐकू येत नव्हता. मला वाटलं, माझी लेक रोज अशा खोलीत राहते.

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही कानांना खूपच कमी ऐकू येतं. जवळून मोठा आवाज झाला तर थोडासा पोचत असेल, बोलणं नाही पोचत. जिभेत काही दोष नाही. नव्हताच कधी." मग कागदावर काही लिहिता लिहिता सहज विचारलं, "एवढे दिवस कुठं होता तुम्ही?"

मी खुर्चीवरून उठले.

"कुठं होतो? इथंच होतो! हिला घेऊन दारोदार हिंडत होते मी. तुमच्याच डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि थांबा म्हणाले, म्हणून थांबलो. सासू म्हणाली थांब, नवरा म्हणाला थांब, गाव म्हणालं थांब. आणि आता तुम्ही विचारता कुठं होता?"

बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावायला लागली. लेक टेबलावर झोपलेलीच होती. माझ्या एवढ्या ओरडण्यानं तिची पापणीसुद्धा हलली नाही आणि ते बघून मला रडू कोसळलं.

मॅडमनी दार लावलं. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मी असं विचारायला नको होतं. चुकलं माझं."

ह्या सगळ्या प्रकरणात माझ्याजवळ 'चुकलं' म्हणणारं माणूस ते एकच. डॉक्टर म्हणाले नाहीत, आत्या म्हणाल्या नाहीत, नवरा म्हणाले नाहीत. जिची चूक सगळ्यात कमी, ती म्हणाली.

कानाची मशिनं मिळेपर्यंत किती खेटे झाले ते सोडून देते. मशीन लावल्यावर काय होतं, त्याचे व्हिडिओ लोक मोबाईलवर पाठवतात. लेकरू एकदम हसतं, आई रडते, मागं गाणं वाजतं. आमच्या लेकीनं मशीन चालू झाल्याबरोबर भेदरून माझ्याकडं बघितलं, दोन्ही हातांनी ते उपटलं आणि भिंतीवर फेकलं. पुढचे कित्येक दिवस हेच. मी लावायची, ती उपटायची. कुठं पाण्याच्या बादलीत सापडायचं, कुठं पिठाच्या डब्यात. मग मी त्याला दोरा बांधला आणि दोरा फ्रॉकला शिवून टाकला. कानात नीट बसलं नाही की ते शिट्टी मारायचं, आणि घरात आलेला पाहुणा दचकून विचारायचा, काय वाजतंय?

आत्या म्हणायच्या, "कशाला छळतीस लेकराला? नको वाटतंय तिला."

"तिला पात्यानं कापलेलं नको वाटत नव्हतं का?" मी म्हणायचे. मी हे वाक्य पुष्कळदा वापरलं. मला त्याची लाज वाटत नाही.

शाळेतली नोकरी सोडावी लागली. दर आठवड्याला सोलापूर, आणि बाकीचे दिवस घरात शिकवणी. तिच्या तोंडासमोर बसायचं, एक गोष्ट हातात घ्यायची, तिचं नाव घ्यायचं, थांबायचं. कांदा. हा कांदा. कांदा चिरू. कांदा झोंबला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मी बडबडायचे. घसा बसायचा. ट्रॅकमनांच्या बायका नळावर एकमेकींना म्हणायच्या, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, एकटीच कांद्याशी बोलती. म्हणू देत. त्यांची पोरं बोलणं फुकटात शिकली होती. ओसरीवर खेळता खेळता, आजीच्या मांडीवर पेंगता पेंगता, ऐकून ऐकून. माझ्या लेकीला एकेक शब्द हातानं भरवावा लागत होता.

एक दिवस मी चुलीपाशी ज्वारीची भाकरी थापत होते. लेक आतल्या खोलीत, कानात मशीन, माझ्या पाठीमागं, तिची माझ्याकडं पाठ. काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. थोड्या वेळानं ती बाहेर आली, परातीपाशी बसली आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी थांबले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी परत थापायला लागले. तिनं परत हात ठेवला. मी थांबले की थांबतंय, मी थापलं की वाजतंय, हे ती तपासून बघत होती. मग तिनं स्वतः पिठाच्या गोळ्यावर चापट मारली आणि कान पुढं केला.

तव्यावरची भाकरी करपली. मी हसत होते, आणि हसता हसता मला इतका संताप आला की सांगता येत नाही. जन्मल्यापासून मी रोज तिच्यासमोर भाकरी थापत होते. रोज. हा आवाज रोज घरात होता. टाळी वाजवणाऱ्या त्या माणसानं पाच मिनिटं जास्त दिली असती, तर तो तिला केव्हाच मिळाला असता.

बोलणं आलं ते असं पोपटासारखं वगैरे नाही आलं. 'आ' आला. मग 'बा'. 'आई' आलं ते आधी नुसतंच 'आय'. पण तिनं हाक मारल्यावर मी वळले आणि तिला कळलं की हाकेनं माणूस वळतं, तेव्हापासून ती दिवसभर 'आय, आय' करत मला घरभर फिरवायला लागली.

आत्या आता तिच्याशी बोलताना समोर बसतात, हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडं करतात आणि गरजेपेक्षा मोठ्यानं ओरडतात. मी सांगितलं, "ओरडू नका, आत्या. सावकाश बोला, मशीन आहे ना." तेव्हापासून त्या एकेक अक्षर वेगळं करून बोलतात, जणू सुईत दोरा ओवतायत. त्या दोघींचं जमतं. मी मधे पडत नाही. पण लेकीला घेऊन बाजारात जायचं असलं तर अजूनही मी बरोबर जाते, आणि का ते आत्यांना विचारावं लागत नाही.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मी जिथं शिकवत होते त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला चहा पाजून नकार दिला. "मॅडम, तुम्ही आमच्याच. पण बाकीचे पालक काय म्हणतील? अशा मुलांच्या वेगळ्या निवासी शाळा असतात, तिथं तिची चांगली सोय होईल." मी कप तसाच ठेवून उठले. सहा वर्षांच्या लेकीला घरापासून लांब ठेवायची सोय म्हणे!

जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घातलं. तिथले सर नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "बसू द्या की. मागं बसंल, कुणाला त्रास न्हाय तिचा." आणि तिला शेवटच्या ओळीत भिंतीपाशी बसवलं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिला पुढं आणून बसवलं. त्यांनी परत मागं नेलं. मी परत पुढं आणलं. मी त्यांना सांगितलं, "सर, ती तुमच्या ओठांवरून निम्मं समजून घेते. फळ्याकडं तोंड करून बोललात तर तिच्यासाठी तुम्ही बोललातच नाही." ते म्हणाले, "मॅडम, एवढी पोरं हायेत वर्गात. एकीसाठी मी काय उलटं उभं राहून लिहू का?"

"लिहून झाल्यावर वळा आणि मग बोला. एवढंच."

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती का जा म्हणून, मला कळलं नाही.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला शाळेत बोलावून घेतलं. मला वाटलं मशीन तुटलं, नाहीतर कुणी मारलं. सर टेबलामागं ताठ बसले होते.

"तुमची मुलगी उलट बोलती," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"उलट बोलती. मी फळ्यावर शिकवत होतो, तर ही जाग्यावर उभी राहिली आन् ओरडली, 'सर, इकडं बघ!' मला अरेतुरे करती. सगळा वर्ग हसला. तुम्ही स्वतः शिक्षिका, घरात एवढं वळण लावायला नको?"

ज्या लेकीच्या तोंडात आवाज यावा म्हणून तिला पात्यानं कापलं होतं, तिच्या मोठ्या आवाजाची तक्रार घेऊन मला बोलावलं होतं.

"सर," मी म्हणाले, "शब्दाच्या शेवटचं अक्षर तिला नीट ऐकू येत नाही. 'बघ' काय आणि 'बघा' काय, तिच्या कानाला सारखंच. तो शेवटचा काना शिकवायला मला वेळ लागेल. मी शिकवीन. पण ती म्हणाली ते बरोबर म्हणाली. मी माफी मागणार नाही आणि तिलाही मागायला लावणार नाही."

"म्हणजे हे असंच चालायचं?"

"तुम्ही वळलात की ती गप्प बसेल."

मी लेकीला घेऊन निघाले. रस्त्यात खाली बसून तिला विचारलं, शाळेत काय झालं. तिनं माझ्या ओठांकडं नीट बघितलं आणि हातवारे करत सांगायला लागली, तुटक तुटक, पण सगळं. "सर पाठ. मला न्हाय दिसत. सगळी लिवत्यात. मी न्हाय." मग चेहरा रागानं लाल करून, पाय आपटून, "मी वरडली!"

तिचा तो राग बघून मी रस्त्यावरच तिला कवेत घेतलं. शेजारून जाणारी माणसं बघत होती.

सर आता कधी वळतात, कधी विसरतात. विसरले की ती ओरडते. 'बघा' अजून आलेलं नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघी समोरासमोर बसतो, मी तोंड मोठं उघडून 'आ' लांबवते, तिचा हात माझ्या गळ्यावर. ती कंटाळते, माझं तोंड हातानं बंद करते आणि खेळायला पळून जाते. परवा नवऱ्यानं तिला पाठीमागून नव्या टीव्हीचा रिमोट मागितला आणि ती म्हणाली, "बाबा, इकडं ये, मग बोल." ते उठले आणि तिच्यासमोर जाऊन बसले.